अक्काचं ऑपरेशन आणि आमची ठराव वही

आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. एरवी इथं येऊन आम्ही हप्ते, शेळ्या, बँकेची कागदं यावर बोलतो. आजचं बोलणं वेगळं आहे. जवळ गडी माणसं बसलेली असतील म्हणून रेडिओ बारीक करू नका. त्यांनीही ऐकलं तर बरंच.

आमच्या एका गटातल्या बहिणीनं मागच्या वर्षी छातीचं ऑपरेशन करून घेतलं. गाठ नव्हती, कॅन्सर नव्हता. छाती फार मोठी होती, जड होती, ती कमी करून घेतली. आम्ही तिला विचारलं, हे रेडिओवर सांगितलं तर चालेल का? ती म्हणाली, "माझं नाव सांगू नका, गावाचं नाव सांगू नका. बाकी काहीच झाकू नका. तुमचं बी झाकू नका." तुमचं म्हणजे आमचं, गटाचं. ते का म्हणाली ते पुढं कळेल. आज आपण तिला नुसतं अक्का म्हणू.

अक्का अडतीस वर्षांची. एक मुलगी, एक मुलगा. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कारखान्याला जाते, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांसारखंच. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहिली मुलगी झाली तेव्हा अंगावर दूध भरपूर आलं, सगळ्यांना आनंद झाला. दूध बंद झालं तरी छाती काही पूर्वीसारखी झाली नाही. मुलाच्या वेळी आणखी वाढली. पुढं वजन थोडं वाढलं, त्याचा पहिला हिस्सा छातीलाच गेला.

हा त्रास आम्ही कधी त्रास म्हणून पाहिलाच नव्हता. ती सांगायला लागली तेव्हा कळलं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं म्हणजे मान ताठ ठेवावी लागते, आणि पुढून हे ओझं खाली ओढतं. संध्याकाळी मान, खांदे, पाठ यांचा एकच गोळा झालेला. बॉडीच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खाचा पडलेल्या. आम्ही त्या नंतर पाहिल्या, बोट बसेल एवढ्या. उन्हाळ्यात छातीखाली घामानं कातडी सोलून निघायची, गजकर्णासारखी खाज, वास. त्यावर कुणी सांगितलं म्हणून हळद, कुणी सांगितलं म्हणून मेडिकलमधलं कुठलं तरी मलम. रात्री पालथं झोपता येत नाही, उताणं झोपलं की श्वास कोंडतो. पळता येत नाही. एसटी सुटत असली तरी पळायचं नाही, कारण स्टँडवरचे लोक बघतात. ती म्हणाली, "एसटी गेलेली परवडली."

लोकांच्या बोलण्याचं काय सांगायचं. शिंपीसुद्धा माप घेताना चारचौघांत मोठ्यानं आकडा सांगायचा. तिनं रेडिमेड पोलकं आयुष्यात घातलं नव्हतं. लग्नाकार्यात पंगतीत वाढायला ती कधी उभी राहायची नाही, आणि आम्ही म्हणायचो, अक्का कामचुकार आहे.

तर ही अक्का वैशाखात स्वतःच्या पायानं एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. मानेसाठी गेली होती. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मणके ठीक आहेत म्हणाले. तेव्हा तिनंच विचारलं, "साहेब, हे ओझं कमी करता येतं का?" त्यांनी तिला प्लास्टिक सर्जरीच्या विभागात पाठवलं.

प्लास्टिक म्हटल्यावर आमच्या बाया दचकल्या. अंगात प्लास्टिक घालतात का? नाही. त्या शब्दाचा अर्थ आकार देणं, घडवणं. आणि ही काही अमेरिकेहून आलेली नवलाई नाही. १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन नावाच्या मासिकात आपल्या पुण्याकडच्या एका ऑपरेशनची हकीकत चित्रासकट छापून आली होती. कावसजी नावाचा इंग्रजांकडचा बैलगाडीवाला, टिपूच्या लढाईत पकडला गेला, त्याचं नाक कापलेलं. इथल्या वैद्यानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. करणारा विटा पाडणाऱ्या जातीतला माणूस होता असं त्यात लिहिलंय. ते वाचून युरोपातले डॉक्टर ती कला शिकले. कावसजीला कुणी म्हणालं नसेल की नाकाशिवाय जगता येतं, मग कशाला हे चोचले.

आता आमच्याबद्दल.

ज्येष्ठातल्या बैठकीत अक्का उठून म्हणाली, "मला पंधरा हजार पाहिजेत. ऑपरेशन करायचंय." दवाखाना सरकारी, ऑपरेशनचा खर्च फारसा नव्हता. पण जाणं-येणं, बाहेरून कराव्या लागणाऱ्या काही तपासण्या, औषधं, सोबतच्या माणसाचं राहणं-खाणं आणि दीड-दोन महिने बुडणारी मजुरी, असा तिनं हिशेब मांडला होता. वहीच्या कागदावर, मुलीच्या अक्षरात. सचिव ताईंनी विचारलं, कसलं ऑपरेशन? अक्का म्हणाली, "छातीचं. कमी करून घ्यायची."

घडीभर कुणीच बोललं नाही. मग एकीनं तोंडाला पदर लावला. ती हसली म्हणून दुसरी हसली, आणि मग सगळ्याच हसलो. सगळ्याच म्हणतो आहोत, त्यात आम्हीही आलो. कुणी म्हणालं, हिला आता सिनेमात जायचंय वाटतं. कुणी म्हणालं, दोन लेकरांची आई झाली, आता हे सुचतंय? एक म्हातारी मावशी म्हणाली, देवानं दिलंय, लोकांना मिळत नाही. नवऱ्याची परवानगी आहे का, सासूला विचारलंस का, पुढं काही बिघडलं तर गटाचे पैसे कोण फेडणार. वीस प्रश्न विचारले असतील. शेवटी ठराव वहीत लिहिलं, "कारण गरजेचे नाही. कर्ज नामंजूर." अक्कानं त्या महिन्याची शंभर रुपयांची बचत भरली, अंगठा नाही, सही केली, आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात बँकेच्या कामासाठी गटाची जुनी दप्तरं बाहेर काढावी लागली. आम्ही दोघी-तिघी अंगणात वह्या पसरून बसलो होतो. पानं उलटता उलटता एक नोंद दिसली, "पिशवीचे ऑपरेशन, वीस हजार, मंजूर." दोन पानांनी दुसरी. मग आम्ही शोधायलाच लागलो. चार वर्षांत सात. सात जणींना पिशवी काढायला आम्ही कर्ज दिलं होतं, आणि सातही ठरावांत कारणापुढं एक ओळ, चर्चेची एकही ओळ नाही. सगळ्यात लहान मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. त्या बैठका आम्हाला आठवतात. पाच मिनिटांत मंजूर. वर आम्ही म्हणायचो, बरं झालं, कटकट गेली.

पिशवीची गोष्ट आपल्या जिल्ह्यात कुणाला नवी सांगायला नको. २०१९ साली देशभर बीडचं नाव झालं ते त्यासाठी. विधिमंडळात सांगितलं गेलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ पिशव्या काढल्या. मग नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य विभागानं ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागे एक. का काढतात तेही आपल्याला माहीत आहे. फडावर ना संडास ना पाणी, पाळीच्या दिवसांतही मोळी सुटत नाही, खाडा झाला की पैसे कापतात. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून दवाखान्यात जावं, तर सोनोग्राफी करून सांगणार, पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकला की बाई सही करते. पैसे मुकादमाच्या उचलीतून, नाही तर गटातून. औषधानं बरी होणारी दुखणी पिशवीबरोबर कापून टाकली. कित्येकींची अंडाशयंही काढली, म्हणजे तिशीतच पाळी गेल्यासारखं झालं, हाडं ठिसूळ, अंगातून वाफा, चिडचिड. आता आपल्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्याला पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते, ती त्या गोंधळानंतर आली.

आम्ही वह्या घेऊन बसलो तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "त्या सातजणींना पिशवी काढा असं आधी कोण म्हणालं होतं?" डॉक्टर. सातही वेळा. आणि अक्काच्या वेळी? अक्का स्वतः. डॉक्टर म्हणाले तर आम्ही एक प्रश्न विचारला नाही, बाई स्वतः म्हणाली तर वीस.

हे असं फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. छाती मोठी दिसावी म्हणून आत सिलिकॉनची पिशवी बसवण्याचं ऑपरेशन आज जगभर चालतं. ते जगात पहिल्यांदा झालं १९६२ साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात. ज्या बाईवर झालं ती कुणी नटी नव्हती. टिमी जीन लिंडसे तिचं नाव. सहा लेकरांची आई, कारखान्यात कामाला जाणारी, नवऱ्यापासून वेगळी झालेली. धर्मादाय दवाखान्यात ती गेली होती छातीवर गोंदलेलं काढून टाकायला. तिथं डॉक्टरांनी तिला विचारलं, आम्ही एक नवीन ऑपरेशन करून बघतोय, तुला करायचं का? तिच्या मनात छातीचं काही नव्हतंच. तिला आपले कान बाहेर आलेले आवडत नव्हते. ती म्हणाली, कान नीट करून देत असाल तर चालेल. त्यांनी दोन्ही केलं. त्या ऑपरेशनवर पुढं केवढा धंदा उभा राहिला, आणि १९९२ साली त्याच अमेरिकेच्या सरकारला तक्रारींमुळे सिलिकॉनच्या पिशव्यांवर चौदा वर्षं निर्बंध घालावे लागले. आम्हाला त्यातलं लक्षात राहिलं ते एवढंच, की बाई कान घेऊन गेली होती आणि छातीचं करून आली.

आषाढातल्या बैठकीत आम्ही जुनी वही मोठ्यानं वाचून दाखवली. ज्यांनी पिशवी काढली त्या सातपैकी चारजणी समोर बसलेल्या. एक जण रडली. अक्काची माफी कुणी शब्दांत मागितली नाही, खरं सांगायचं तर लाज वाटत होती. कर्ज मंजूर झालं. सचिव ताई लिहायला लागल्या, "मान व पाठदुखीच्या आजारासाठी." आम्हाला ते बरं वाटलं, अब्रू राखल्यासारखं. पण अक्कानं हात धरला. "तसं नका लिहू. दुखतं म्हणून करायचंच आहे. पण मला बरं बी दिसायचंय. अठरा वर्षं मी आरशात खालचं बघितलं नाही. दोन्ही लिहा." वहीत दोन्ही लिहिलेलं आहे. खरं बोलायचं तर त्या दुसऱ्या कारणाशी आमचं अजूनही पूर्ण पटलेलं नाही. काही जणी म्हणतात, दुखण्यासाठी गटाचे पैसे ठीक, दिसण्यासाठी का? तामिळनाडू सरकारनं २०१८ साली चेन्नईच्या सरकारी दवाखान्यात छातीची अशी ऑपरेशनं फुकट करायचं जाहीर केलं तेव्हा तिथंही हाच वाद झाला होता. अक्काचं म्हणणं, लग्नात मुलीच्या तोंडाला मेकअप करायला गटातून पाच हजार नेले त्याला कुणी कारण विचारलं होतं? त्यावर आमच्याकडं उत्तर नाही.

ऑपरेशन लगेच झालं नाही. पहिल्या तपासणीत रक्त ८ निघालं होतं. दोन महिने लोहाच्या गोळ्या, शेवग्याचा पाला, गूळ-शेंगदाणे. आणि डॉक्टरांनी दुसरी अट घातली, मिश्री बंद. अक्का म्हणाली, छातीचा आणि दातांचा काय संबंध? त्यांनी समजावलं ते तुम्हीही ऐका. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनात बोंडी आपल्या जागेवरून वर सरकवतात, तिला रक्त पोहोचलं नाही तर ती काळी पडून झडू शकते, टाके उसवतात. मिश्री हीसुद्धा तंबाखूच. अक्कानं वीस वर्षांची मिश्री सोडली. तिच्या नवऱ्यानं मात्र पुडी सोडली नाही. असो.

आणखी काय काय सांगितलं, तेही थोडक्यात सांगतो, कारण हे सगळं तिला कागदावर सही घ्यायच्या आधी सांगितलं होतं, आणि तसंच सांगायला पाहिजे. आधी सोनोग्राफी करून आत गाठ नाही याची खात्री करतात. छातीतलं जास्तीचं मांस, चरबी, कातडी काढून उरलेल्याला आकार देतात. काढलेला भाग तपासायला प्रयोगशाळेत पाठवतात. बोंडीभोवती, तिथून खाली आणि खालच्या घडीत असे व्रण कायमचे राहतात, फिके होतात पण जात नाहीत. बोंडीची संवेदना कमी होऊ शकते, जाऊही शकते. पुढं लेकरू झालं तर अंगावर पाजता येईलच असं नाही, म्हणून शक्यतो लेकरं झाल्यावर करतात. डॉक्टरांनी विचारलं, आणखी मूल हवंय का? अक्का म्हणाली, "माझं कुटुंबनियोजन झालेलं आहे, पण तुम्ही विचारलं ते चांगलं केलं."

तुमच्यातल्या कुणाला असा विचार असेल तर एवढं करा. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिराती असतात, तेल लावा, गोळ्या घ्या, छाती हवी तशी करा. तेलानं छाती ना वाढते ना कमी होते. ऑपरेशन करणाऱ्याच्या नावापुढं प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा त्याच विषयाची डी.एन.बी. पदवी आहे का ते बघा. मुंबईत केईएम, जे.जे., सायन अशा सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काय लागू होतं, काय नाही, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. निव्वळ शोभेसाठी केलेल्या ऑपरेशनला योजना पैसे देत नाही. संमतीचा कागद इंग्रजीत असला तर वाचून, मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका. डॉक्टर रागावले तरी चालतील.

अक्काच्या घरी नवऱ्यानं फार अडवलं नाही. तो एवढंच म्हणाला, दिवाळीच्या आत बरी होशील ना, उचल घेतलेली आहे. अडवलं सासूनं. "ज्याच्यावर माझी नातवंडं वाढली त्याला कापून टाकणार?" हे वाक्य अक्काला लागलं. ती आम्हाला म्हणाली, आत्या बोलली म्हणून नाही, माझ्या बी मनात तेच होतं. मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत प्यायचा. फडावर कोपीबाहेर पाचटावर निजवून ठेवलेला, रडला की कोयता टाकून पळत यायची. त्या जागेला कापायचं म्हणजे आपण काही उपकार विसरतोय का, असं रात्ररात्र वाटायचं. मग तिचं तिलाच सुचलं. लेकरं आता भाकरी खातात. दूध दिलं ते दिलं, ते काही कुणी कापून परत घेत नाही. सासू दोन दिवस बोलली नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात डबा घेऊन जाऊन बसली ती सासूच. जाळीच्या खिडकीतून बघत होती आणि नर्सला विचारत होती, जास्त तर कापलं नाही ना?

श्रावणात ऑपरेशन झालं. चार तास लागले. दोन्ही बाजूंचं मिळून पावणेदोन किलो वजन काढलं. ऐकायला कमी वाटतं, पण पावणेदोन किलोचा दगड गळ्यात बांधून दिवसभर ऊस तोडून बघा. दोन्हीकडं नळ्या लावलेल्या, त्यातून रक्तपाणी बाटलीत जायचं. चौथ्या दिवशी नळ्या काढल्या. सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, हंडा नाही, बादली नाही, डोक्यावर काही नाही. या ठिकाणी गट कामाला आला, हे सांगताना आम्हाला जरा बरं वाटतं. आम्ही पाळ्या लावल्या. दोन घागरी सकाळी, दोन संध्याकाळी. वेणी घालायला शेजारची वहिनी.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर खोटं होईल. डाव्या बाजूला खाली, जिथं दोन व्रण एकमेकांना मिळतात तिथं टाका उसवला. पू नव्हता, पण जखम उघडी. तीन आठवडे उपकेंद्रात जाऊन पट्टी करावी लागली. त्या दिवसांत अक्का एकदा म्हणाली, "मी उगीच केलं." अशी रडली की आम्हाला वाटलं, आपणच तिला यात ढकललं. जखम भरली. डाव्या बोंडीला आजही काही कळत नाही, चिमटा काढला तरी. व्रण लाल आहेत, वर्षभरात फिके होतील म्हणालेत. दोन्ही बाजू अगदी सारख्या नाहीत. ती म्हणते, डोळे तरी कुठं सारखे असतात.

पहिल्यांदा पट्ट्या काढून तिनं स्वतःला बघितलं त्या दिवसाबद्दल तिला विचारलं. आम्हाला वाटलं, आनंद झाला म्हणेल. ती म्हणाली, "वळखू आलं नाही. दुसऱ्या कुणाची वाटली. चार दिवस मी अंघोळीला आरसा झाकून ठेवला." पंधरा दिवसांनी एका सकाळी जाग आली तेव्हा ती पालथी झोपलेली होती. अठरा वर्षांनी. ते सांगताना मात्र तिचा चेहरा फुलला.

दिवाळीनंतर ती टोळीबरोबर गेली. मान दुखतेच, मोळी काही हलकी झालेली नाही. पण आधीसारखी नाही, आणि उन्हाळ्यात कातडी गेली नाही. दसऱ्याला तिनं अंबाजोगाईच्या बाजारातून दोन रेडिमेड पोलकी आणली होती, ती आम्हाला दाखवायला बैठकीत घेऊन आली. त्या वेळी आम्ही हसलो, पण ते हसणं निराळं.

त्याच बैठकीत आणखी एक झालं. अक्का आपले खांदे, खाचा, व्रण दाखवत होती, बाया बघत होत्या, आणि मागं बसलेली एक जण हळूच म्हणाली, माझ्या उजवीकडं आठ महिन्यांपासून सुपारीएवढं काहीतरी लागतंय. दुखत नाही म्हणून सांगितलं नाही. थोड्या वेळानं दुसरी म्हणाली, माझ्याही. आठ महिने. गट दर महिन्याला बसतो, म्हणजे आठ बैठका ती ते घेऊन आमच्यात बसली होती. दोघींना दुसऱ्याच आठवड्यात बार्शीला पाठवलं, तिथं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे, आपल्या भागातल्या बायांना जवळ पडतं. एकीची गाठ साधी निघाली. दुसरीची नाही. तिचे उपचार चालू आहेत, त्यावर ती स्वतःच पुढं कधी बोलेल.

मुंबईत टाटा रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं, दीड लाख बायांवर एक अभ्यास केला. साधा. दर दोन वर्षांनी शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्तीनं बाईची छाती हातानं तपासायची, मशीन नाही, काही नाही. ज्यांची तशी तपासणी झाली, त्यांच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या हातानं. आता आमच्या तीन गावांत दर तिसऱ्या बैठकीला आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येतात, दार लावून, एकेकीला. पहिल्या वेळी चौघीच तयार झाल्या. मागच्या खेपेला अकरा.

आता अक्काच्या मुलीचं. ती सोळा वर्षांची, अकरावीत. अंगानं आईवर गेलेली. आठवीपर्यंत शाळेच्या कबड्डीच्या संघात होती, मग सोडली. दप्तर छातीशी धरून, खांदे पुढं करून चालायची, ओढणीवर ओढणी. आईचं ऑपरेशन झाल्यावर एका रात्री तिनं विचारलं, "आई, मला पण करावं लागंल का?" अक्का सांगत होती, कापताना दुखलं नाही तेवढं ते दुखलं. आपण आपल्यासाठी केलं, आणि लेकीला वाटलं की आपलं अंग म्हणजे चूकच आहे, ती कधी तरी दुरुस्त करावी लागणार. तिनं पट्टी बदलायला गेल्यावर डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, वाढ पुरी होईपर्यंत काहीही ठरवायचं नाही, आणि पुढंही तिला त्रास झाला आणि ती म्हणाली, तरच.

अक्कानं मुलीला काय उत्तर दिलं ते आम्ही विचारलं. म्हणाली, लगेच काही सुचलं नाही, झोप म्हणाले. पण आठ दिवसांनी तिला घेऊन अंबाजोगाईला गेले. दुकानात बाई होती, तिच्याकडून नीट माप घेतलं, आतल्या खोलीत. खेळताना घालायच्या घट्ट बॉडी असतात, त्या दोन घेतल्या. साडेसातशे रुपये गेले. गटाच्या कर्जातले उरलेले होते, हिशेबात लिहा हवं तर.

आम्ही लिहिले. मुलगी परत संघात गेली आहे. अक्का कारखान्यावर होती म्हणून तिला सामना बघता आला नाही, आजी गेली होती. आजीला कबड्डीतलं काही कळत नाही. ती फोनवर सुनेला एवढंच म्हणाली, पोरगी लई पळते गं.